ढोलकीच्या माईकमधला टाळ

एक शब्द बोलले असते तं काय जीभ झिजली असती तुमची? दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, भर मांडवात साऱ्याईनं म्हणलं का ढोलकी चुकली, अन् तुम्ही मान खाली घालून म्हणलं, "असल." बस. असल म्हणे! त्या एका शब्दानं तुम्ही मोकळे झाले अन् मी अडकली. तुमाले जाऊन किती पावसाळे झाले, मी अजून तिथंच बसून आहे, हातात टाळ घेऊन.

बाबा, मी लिहून राहिली, तुमची मोठी पोरगी. अक्षर वाकडंतिकडं आहे, नाक मुरडू नका. तिसरीतून काढून धाकट्याले सांभाळाले तुम्हीच बसवलं होतं. नातीच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं फाडून घेतली. हे कुठं जाणार नाही हे मले समजते, इतकी काही मी येडी झाली नाही. पण परवा साकोलीले जे झालं ते तुमाले सांगितल्याबिगर मले भात गोड लागून नाही राहिला.

नात, म्हणजे तुमच्या नातवाची पोरगी. तिनं साकोलीले बसस्टँडच्या मागं एक खोली घेतली आहे. भिंतीले गाद्या ठोकल्या अन् माणसं खाली फरशीवर बसवते. मी म्हणलं, "अवो बाई, उलटं झालं ना हे!" तं म्हणते, "आजी, आवाज भिंतीवर आपटून वापस नाही आला पाहिजे, म्हणून." तिथं ते गाणे भरते, रेकॉर्डिंग करते. आमच्या सानगडीच्या गल्लीतल्या बायाईचं भजनी मंडळ आहे, त्याचं एक भजन भराचं ठरलं, देवळात सकाळी लावाले. मी टाळावर. माझी सून, म्हणजे या पोरीची माय, ढोलकीवर. तुम्ही मले शिकवली, मी तिले शिकवली. आम्ही दोघी नेहमीसारख्या गुडघ्याले गुडघा लावून बसलो. पोरीनं प्रत्येकीपुढं येगळा माईक उभा केला. माझा डावा हात दोन सालापासून थोडा मंद चालते. कोणाले सांगत नाही मी. सुनेले सांगा लागत नाही.

परवा ऐकाले बोलावलं, म्हणून आम्ही सासूसुना बसनं गेलो. तिच्या कॉम्प्युटरवर प्रत्येकीचा आवाज येगळ्या पट्टीत दिसते, एकाखाली एक, जशा आपल्या भाताच्या बांध्या. ठोका पडला का तिथं गाठ दिसते. पोरगी मायले म्हणते, "आई, तुझी ढोलकी पाच जागी मागं पडली. कॉम्प्युटरवर ओढून पाह्यली, तं पाण्यात बुडल्यासारखी वाजते. मी आता तुझी काढूनच टाकते अन् मशीनची ढोलकी लावते. कोणाले समजणार बी नाही."

सून काय बोलली असल? पदर सारखा केला अन् म्हणली, "असल बाप्पा. लाव."

बाबा, तोच शब्द. तशीच मान खाली.

मी म्हणलं, "थांब पोरी. पहिले लाव, मले ऐकू दे." तिनं लावलं. पहिल्या जागी ढोलकी मागं पडली खरी, पण मले दुसरंच ऐकू आलं. माझा टाळ तिथं दोनदा वाजला. छन्, अन् त्याच्या पाठीमागं बारीकसा एक छन्. मी म्हणलं, "हे दुसरं कोण वाजवून राहिलं?" पोरगी म्हणे, "काही नाही आजी, तुझा भास." मी म्हणलं, "कान माझे म्हातारे झाले, बहिरे नाही झाले. अजून लाव." तीन वेळा लावलं. मंग तिचा चेहरा पडला. "आजी, रागावू नको. तुझे टाळ उशिरा पडले होते. तुले वाईट वाटल म्हणून मी कालच गुपचूप पुढं सरकवून ठेवले."

आता समजलं मले. माझ्या पट्टीतला टाळ तिनं सरकवला, पण आम्ही चिकटून बसलो होतो. माझा टाळ सुनेच्या ढोलकीच्या माईकात बी शिरला होता. तो तिथंच राह्यला, आपल्या खऱ्या जागी, उशिरा. मी म्हणलं, "बाकी साऱ्या बंद कर. एकल्या ढोलकीचा माईक लाव." लावला. दूरून आल्यासारखा माझा टाळ, उशिरा. अन् तो पडेपर्यंत हात रोखून धरलेली ढोलकी, मंग त्याच्यावर थाप. पाची जागी तसंच. सून चुकलीच नव्हती. ते माझ्यासाठी थांबली होती.

अन् मले मंडईचा मांडव दिसाले लागला. दिवाळी झाली आहे, ऊन डोक्यावर आहे, तुमच्या मंडळाच्या टाळवाल्याले ताप चढला आहे. तुम्ही मले म्हणता, "बस, तुले येते." मी अकरा वर्साची, नवा परकर. समोर लाकडी पाळणा फिरते अन् त्यात माझी मैतरीण बसली आहे, लाल रिबिन लावून. मी पाळणा पाहाले लागली. भानावर आली तवा तुमचा हात हवेत थांबलेला. मी पाह्यला तो हात. माझा टाळ पडला, मंग तुमची थाप पडली. गाणाऱ्याचा सूर तुटला, लोक हासले. मंडळाचा बुवा उठून म्हणला, "हात जड झाला गड्या तुह्या." अन् तुम्ही, "असल." पुढच्या सोमवारी ढोलकीवर बुवाचा भाचा बसला. तुम्ही परत कधी मांडवात वाजवलं नाही.

पण मंडईच्याच दिवशी, घरी आल्यावर, तुम्ही मले सैपाकखोलीत बोलावलं होतं. माय चुलीवर लाखोळीची दाळ घोटत होती. मले वाटलं आता पाठ फुटते. तुम्ही पिठाचा पिपा पालथा घातला, त्याच्यावर ठेका धरला अन् म्हणलं, "उशीर झाला तं धावत येऊ नको. एका दमात जागेवर आली का साऱ्याईले दिसते. चार ठोक्यात ये, थोडी थोडी. अन् टाळ वाजला का त्याले मधात हातानं दाबू नको, त्याचा त्याले इरू दे." एवढंच रागावले. मंग खुंटीवरची ढोलकी काढून माझ्या मांडीवर ठेवली. माय म्हणली, "अजी, पोरीच्या जातीले ढोलकी?" तुम्ही म्हणलं, "भाकरी थापतेच ना? हात तोच आहे." त्या ढोलकीनं माझे किती दिवस काढले, काय सांगू. नवरा गेला तवा बी तिनंच उठवलं मले.

तं मी पोरीले म्हणलं, "मायची ढोलकी काढाची नाही. चूक माझी आहे. माझी, समजली?"

"मंग टाळ काढू का, आजी?"

सुनेनं तिथं राह्यलेली आपली ढोलकी जवळ ओढली अन् म्हणते, "टाळ काढशील तं मी बी ढोलकी घेऊन घरी चालली. बस तीनची आहे."

पोरगी हासली, मी बी हासली. मंग मी तिले तुमचं सांगितलं. "साऱ्या पट्ट्या एकात एक बांध. टाळ हलला तं ढोलकी बी हलली पाहिजे, गळा बी. नाही तं तो माईकातला चोर परत बोलल. कापाचं तं ठोका पडाच्या थोडं आधी काप, जिथं पहिला आवाज इरला असल. वाजत्या टाळाच्या मधात कात्री घालू नको, अन् त्याले ताणू बी नको. अन् एका दमात जागेवर आणू नको. चार ठोक्यात आण." पोरगी म्हणे, "आजी, हे तुले कोणं शिकवलं?" मी म्हणलं, "पिठाच्या पिप्यानं." तिनं तसं केलं, जोडावर एका तुकड्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडावर थोडी चढवली. ऐकलं. जोड कुठं आहे हे तिलेच सापडेना. दोन जागा मी तशाच ठेवाले लावल्या. तिथं गाणारी बी दम घेते, आम्ही तिघी संगच उशिरा आहोत. तेवढं चालते.

तुमची विद्या मशीनमधे बी चालली, बाबा. मले लई बरं वाटलं. तुमाले बी वाटलं असतं, पण तुम्ही बोलले थोडीच असते.

आता एक राह्यलं. मी गप्प राह्यली एवढंच तुमाले ठाऊक असल. तसं नाही. मांडवात बुवानं मले इचारलं होतं, "पोरी, तू सांग, कोण चुकलं?" तुम्ही खाली वाकून ढोलकीची दोरी सैल करून राहिले होते. अन् मी तुमच्याकडं बोट दाखवलं.

ते बोट तुम्ही पाह्यलं होतं का नाही? याचं उत्तर तुम्हीच द्याचं. माय बी आता तिथं तुमच्यापाशीच आहे, पण तिले पुढं करू नका, ते मले वाचवाले खोटं बोलल. तुम्हीच सांगा, अन् 'असल' म्हणून सुटू नका.