मेलेली बाई बोलली तो भाग

धाकटे,

थोरलीकडून आशीर्वाद, शिल्लक आहेत तेवढे सगळे. तुझी तब्येत बरी आहे असं धरून चालते, कारण बरी नसती तर आत्तापर्यंत मला दोष देणारं पत्र आलं असतं. खोकला गेला का? नसेल गेला तर गरम पाणी पी आणि वर्गात ओरडणं कमी कर. माझे गुडघे कुरकुरतात, पण सुईत दोरा अजून मीच ओवते. तब्येतीवर पानं भरणाऱ्या बायका मला आवडत नाहीत, तेव्हा एवढं पुरे.

पत्राला कारण तुझा मुंगळा. (पत्र खाली ठेवू नकोस. पोराचं नाव काढायचं नाही असं तू ठरवलंयस, मी काही ठरवलेलं नाही.) तू शेजारीपाजारी सांगतेस की मुलगा दातांच्या लाइनीत आहे. तसं ते खोटं नाही. त्याचे दोन सुळे रंगवाली बाई रोज चिकटवते आणि काम संपलं की धुऊन डबीत ठेवते. पण दातांच्या डॉक्टरचा काळ्या झग्यातला दुमजली फोटो कुणी चौकात लावत नाही, तेव्हा लोकांना कळायचं ते कळलंय. शाळेतली पोरं तुला बघून दात विचकतात, हेही मला माहीत आहे. त्यापायी तू त्याला सांगितलंस की हे दात सुटेपर्यंत घरात पाऊल टाकू नकोस. बाईमाणसाची चेष्टा झाली, मान्य. पण पोरगं राबतं, कुणाच्या घरात शिरून चोरी करत नाही. असो. मी भांडायला बसलेली नाही.

तू मालिका बघत नाहीस म्हणून थोडक्यात सांगते. मुंगळा त्यात काळा सरदार आहे. शेकडो वर्षं मरत नाही, लोकांच्या मानेतून रक्त पितो, आणि दुष्ट आहे. इतके दिवस त्याचं बरं चाललं होतं, का पितोस म्हणून कुणी विचारलं नाही. आता बघणारे कमी झाले, तर वरून हुकूम आला की एक अख्खा भाग याच्या मागल्या आयुष्यावर करा, हा असा का झाला ते दाखवा. (आपल्या लहानपणी वाईट माणूस नुसता वाईट असायचा आणि शेवटी मरायचा. कुणाचं अडत नव्हतं.) आणि मागलं दाखवायचं म्हणजे यांना धूर लागतो. एक डबा आहे, तो फुसफुस करतो आणि सगळी खोली पांढरी होते. मी दिग्दर्शकाला (त्याला आम्ही कपडे शिवणाऱ्या बायका चष्मेवाला म्हणतो, तो चष्मा कपाळावर ठेवून दिवसभर शोधतो) विचारलं, अरे, आठवणीत धूर कुठून आला? तर म्हणतो, मावशी, आठवण अंधुक असते. म्हटलं, तुझी असेल. मला आपल्या जुन्या घरातल्या पडद्याची शिवण दिसते, आणि ती वाकडी होती हेही दिसतं.

आता मी यात कशी अडकले ते ऐक. सरदाराच्या आईचं काम करणारी बाई ऐन वेळी आलीच नाही, तिला दुसरीकडे बोलणारं काम मिळालं. इथलं मुक्याचं होतं. तिचा पांढरा झगा मी शिवलेला. तुला माझी सवय ठाऊक आहे, खालची दुमड मी अंगात घातल्याशिवाय पक्की करत नाही. कपडेपटातल्या लाकडी बाईवर सरदाराचा कोट चढवलेला, म्हणून मी तो झगा घालून, तोंडात टाचण्या धरून आरशापुढे उभी. चष्मेवाला दारात आला आणि बघत राहिला. म्हणाला, मावशी, तुम्हीच. मला तोंडात टाचण्या असल्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

काम काय, तर मेलेलं असायचं. सरदार लढाईवरून येतो, वाटेत त्याला कुणीतरी चावलेलं, त्यानं पहिल्यांदा रक्त प्यायलेलं, तोंड तसंच माखलेलं. घरी येतो तर आई गेलेली. मग तो म्हणणार, माते, मला उशीर झाला, आणि उभ्या जगावर डूख धरणार. झालं, तिथून बिघडला. मी विचारलं, मी काय करायचं? म्हणे, काही नाही, तुम्ही मेलेल्या आहात. इतकं सोपं काम मला जन्मात कुणी दिलं नव्हतं.

पलंग मात्र चांगला होता. खिडकी फळ्यांची, तिच्यामागे कागद, कागदामागे दिवा, पण डोळे बारीक केले की पहाट वाटायची. धूर सोडला. तो जमिनीवरून सावकाश आला, पलंगाचे पाय बुडले, मग गोधडी बुडाली, मग माझे हात कुठे संपतात ते कळेना. सुताराची ठोकठाक थांबली. ऊब होती. आणि मग धाकटे, आपलं मशीन ऐकू आलं. आई शिवत होती. तू माझ्या पोटावर पाय टाकून झोपलेली, एवढीशी. आई एक पांढरं कापड शिवत होती, ते संपतच नव्हतं. मशीनखालून निघायचं, खिडकीतून बाहेर जायचं, रस्त्यावरून वाहत जायचं, आणि माणसं त्याच्या कडेकडेनं चालायची, कुणी त्यावर पाय देत नव्हतं. मी विचारलं, कुणाचं गं एवढं? आई वर न बघता म्हणाली, तो येतोय ना, त्याचं माप अजून घ्यायचंय. तू झोपेत हसलीस. मला इतकं बरं वाटत होतं की विचारायचंच राहिलं, कोण येतोय.

तेवढ्यात माझा हात कुणीतरी धरला. डोळे उघडले तर धुरात मुंगळ्याचं तोंड, हनुवटीपासून गळ्यापर्यंत रक्त. आता झोपेतून उठलेल्या बाईला मालिका वगैरे काय आठवणार. मला तो सात-आठ वर्षांचाच दिसला. मी बाहीला थुंकी लावली आणि त्याची हनुवटी धरून तोंड खसाखसा पुसलं. म्हटलं, कुठे पडलास रे मुंगळ्या? आई ओरडेल म्हणून बाहेर थांबला होतास का?

मेलेली बाई बोलत होती. त्यानं "माते" म्हणायचं होतं, पाठ केलेली अख्खी ओळ होती. ती त्याला आठवली नाही. माझ्या हातात तोंड खुपसून म्हणाला, "मावशी, मला घरी जायचंय." आणि रडला, ते रडणं त्यांच्या ग्लिसरीनच्या डबीतलं नव्हतं. एक सुळा निघून गोधडीवर पडला.

मग गोंधळ. रंगवाली बाई माझ्यावर चिडली, रक्त लावायला तिला सकाळ लागली होती. लिहिणारा डोकं धरून बसला. त्याचं म्हणणं, आईनं तोंड पुसलं म्हणजे आता याला दुष्ट व्हायला कारणच उरलं नाही, पुढल्या भागांचं मी काय करू? मी सांगितलं, तुझं तू बघ, मी मेलेली आहे. चष्मेवाल्यानं मात्र कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाला, हेच ठेवायचं, फक्त तुमचा आवाज काढू आणि "मावशी"च्या जागी "आई" भरून घेऊ. मुंगळ्याला परत माइकपुढे उभं केलं, एकच शब्द म्हणायचा होता. त्याला तो म्हणायला फार वेळ लागला.

बाकी इकडे ठीक. उन्हं वाढलीत. भांडू नकोस, जप.

तुझी,
थोरली

ता.क. हा भाग शुक्रवारी जेवणवेळेला लागणार. बघ असं मी म्हणत नाही. झग्याची दुमड कशी बसलीय तेवढी बघ, तुला शिवणातलं कळतं. माझं तोंड बघू नकोस, झोपेत ते उघडं राहिलंय.

ता.क. दुसरा. वर लिहिलं ते सगळं सोड, खरं काम हे आहे. रविवारी सकाळी तो तुझ्या दारात येतोय. मी विचारलं, सरळ आत का जात नाहीस, घर तुझं आहे. तर म्हणतो, आमच्यात आतल्या माणसानं "ये" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. हा त्यांच्या मालिकेतल्या रक्तपित्यांचा नियम. मला वाटलं चेष्टा करतोय, पण तो हसत नव्हता. तेव्हा दार उघड आणि एवढा एक शब्द म्हण. पुढे भाषण देऊ नकोस, तू सुरू झालीस की तास संपल्याची घंटा लागते. सुळे घरी ठेवून येणार आहे, मी स्वतः डबी काढून घेतलीय.

ता.क. तिसरा. त्याच्याबरोबर मीही येतेय. मला "ये" म्हणायची वाट बघणार नाही. गुडघे दुखतात, मी तुला बाजूला सारून आत येईन आणि बसेन. मग तो एकटाच बाहेर उभा राहील आणि तू त्याच्याकडे बघत राहशील. तेवढा वेळ मी तुम्हाला दिला, असं समज.