न वाळणारा चिखल

८ मे १९८६

आईस साष्टांग नमस्कार. तेजू, आईला वाचून दाखवताना मधले शब्द गाळू नकोस. रोज थोडं लिहीन आणि मुरगाव बंदरात पत्र टाकीन. धारगळच्या शेतातून थेट बार्जवर! आपला विठ्ठलदादा इथे खलाशी आहे म्हणून नोकरी लागली, नाहीतर मला कोण विचारतंय? आम्ही चौघंच. बार्जचे मुख्य, तांडेल सखाराम, वेंगुर्ल्याचे, कृष्णनाथ इंजीन बघतो. डिचोलीच्या धक्क्यावर खनिज भरताना मी डोक्यापासून पायापर्यंत लाल झालो.

लईराई देवीचं व्रत नीट चाललंय. माझा भात वेगळ्या चुलीवर मीच शिजवतो आणि कच्चा राहिला तरी गोड मानून घेतो. तेराला शिरगावची जत्रा, तांडेलांनी सुट्टी कबूल केली आहे. आई, दादा तापातून उठावा म्हणून तू बोललेला नवस मी निखाऱ्यांवरून चालून फेडणार, काळजी करू नकोस.

९ मे

इथे एक रीत आहे. नव्या खलाशाने नदीच्या वळणावर तिथल्या राखणदार देवाला कोंबडा द्यायचा, रक्त बार्जच्या पुढच्या टोकावर पडलं पाहिजे. तांडेलांनी सुरी दिली आणि पाठ फिरवली, कारण इतरांनी बघायचं नसतं. पण व्रतात मी जीव कसा घेऊ? कोंबडा काठच्या झाडीत उडवून दिला आणि टोकावर खनिजाचा ओला चिखल फासला. सुरीलाही लावला. हुबेहूब रक्त! तांडेलांनी बघून मान डोलावली. दादाला सांगितलं तर तो आधी हसला, मग कोणाला सांगू नकोस म्हणाला.

१० मे

चिखल वाळत नाही. मे महिन्याचं ऊन, पत्र्यावर पाय भाजतो, तरी तो ओलाच. दोनदा धुतला.

मांडवीच्या तोंडाशी बार्ज रेतीत रुतली. भरती आली आणि गेली, बार्ज हलली नाही. दुसऱ्या बार्जी लांबून जातात, हाका ऐकू जात नाहीत. दादा म्हणतो पोहून जाऊ. मला कुठे पोहता येतं?

११ मे

तेजू, हे आईला वाचून दाखवू नकोस.

नांगर उचलताना साखळी सुटली. कृष्णनाथचा पाय तिच्यात अडकला. डोकं लोखंडावर फुटलं. मी त्याचा हात धरला होता, साखळीने त्याला ओढलं — हात तुटून माझ्याकडे राहिला. नुसता हात. बाकीचा पाण्यात गेला.

मग तांडेल पुढे गेले. टोकावर बोट लावून चाटलं, आणि शांतपणे म्हणाले, "ही माती आसा. ज्येणां फसयल्यान, तेचीच मान व्हयी." ज्याने फसवलं त्याचीच मान राखणदाराला हवी, तेजू.

मला भीती वाटते. फार.

१२ मे

दादाने मला चुलीच्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी लावली. तांडेलांच्या हातात कोयता आहे. दादा त्यांना सांगतोय, "कोंबो म्यां सोडलो."

खोटं. मी सोडला. ओरडतोय, मी — कोणी ऐकत नाही —

आई, नवस त्याच्यासाठीच होता —

पत्र्यावर काही आपटलं. परत. परत. दादाचा आवाज —

आता नाही.

बार्ज हलली. इंजीन बंद आहे, तरी —

दाराखालून लाल येतंय. चिखल असेल, तेजू. खाणीचाच. चाखलं की कळेल, रक्त खारट असतं. बोट लावलंय —

खारट