जुन्या युनिक्सचं कोकरू

शनिवार, ८ जानेवारी १९९४
परवाच्या नोंदीत चूक आहे. 'हजेरीचा प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालला' असं लिहिलं. खरं म्हणजे सुरू झाला आणि 'लायब्ररी सापडत नाही' म्हणून लगेच थांबला. लायब्ररी म्हणजे सगळे प्रोग्रॅम वाटून वापरतात ती फाइल. बानाबाई आत्याला एवढंच समजावलं. दोन्हीकडे युनिक्सच आहे, नवं हे जुन्याचंच पुढचं. सोमवारपर्यंत काम संपेल. नोकरी कायम झाली की बिडकीनच्या स्थळाला आप्पा स्वतःच नाही म्हणतील.

रविवार, ९ जानेवारी
जुनी लायब्ररी नव्या मशीनवर आणली. नव्यानं ओळखच दाखवली नाही. इथं घरचं शिक्षण कामी आलं. शाळेत घालण्याआधी आप्पांनी मला मेंढ्यांमागंच सगळं शिकवलं. पोरक्या कोकराला मेंढीच्या मेलेल्या कोकराचं कातडं पांघरलं की ती त्याला आपलं समजून पाजते. मी जुन्या फाइलला नव्या लायब्ररीचं नाव दिलं आणि नवी पुसून तिच्याच जागेवर ठेवली.

दुपारी. आता एकही कमांड चालत नाही. 'एको' तेवढी चालते. हॅलो टाइप केलं की मशीन हॅलो म्हणतं. म्हणजे बिघडलं असं म्हणता येणार नाही.

सोमवार, १० जानेवारी
नव्या मशीनच्या मूळ लायब्ररीची प्रत टेपवर आहे. टेप वाचायची कमांड त्या लायब्ररीशिवाय चालत नाही. मशीन बंद केलं तर पुन्हा उठणार नाही. बंद मशीन उठवणारी वेगळी टेप पुण्याहून मागवायला हवी, त्यासाठी सानप साहेबांनी फोन करायला हवा, त्यासाठी त्यांना सांगायला हवं. उद्या सांगणार. नक्की.

जेवताना आत्याला कोकराचं सांगितलं. म्हणाली, "आगं भवाने, कातडं मेलेल्याचं घ्यायचं असतंय! तू तर जितं कोकरू सोललंस!"

आत्याला युनिक्स येत नाही.

मंगळवार, ११ जानेवारी
केबिनमध्ये गेले. साहेबांनी विचारलं, काय म्हणतंय मशीन? हॅलो म्हणतंय, असं सांगितलं. ते हसले. हे खोटं नव्हतं.

ऑपरेटर रामकिसनला मात्र खरं सांगितलं. तो कॉलेजात होता तेव्हापासून विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चात आहे. म्हणाला, "मॅडम, आमचं सोळा वर्षं अडलंय, तुमचं तर दोन दिवसांचं. पण आम्ही निदान मागणी तरी केली. तुम्ही तोंड तर उघडा!"

उद्या उघडणार.

बुधवार, १२ जानेवारी
मशीनवर चिठ्ठी लावली: 'काम चालू आहे, बंद करू नये.' काम चालू नसल्यामुळं काढली. 'मशीन चालू आहे' अशी नवी लावली. यात दिवस गेला.

गुरुवार, १३ जानेवारी
नामांतराच्या घोषणेची कुणकुण, शहरभर बंदोबस्त. हर्सूलची बस लई उशिरा आली. पोहोचले तोवर हजेरी जिथं अजून चालत होती ते जुनं मशीन पुण्याच्या टेम्पोत चढलं होतं.

साहेबांनी सगळ्यांना लवकर सोडलं. नव्या मशीनचा स्विच त्यांनी स्वतःच बंद केला. धूळ नको म्हणून कव्हरही घातलं. मग म्हणाले, सत्यभामाबाई, तुम्हाला कायम केल्याचं पत्र शनिवारी देतो, नव्या मशीनवरच टाइप करू.

मी थँक्यू म्हणाले.

आता मागं हटणं नाही. साहेब निवांत हवेत, भोवती माणसं नकोत, फोन वाजायला नको. सांगायचा दिवस ठरवला: शुक्रवार, १४ जानेवारी १९९४. कंपनीला सुट्टी आहे.