सात वेळा दूर झालेली तक्रार

परभणी, बुधवार

ती. लिंबाजीमामांच्या पायांवर डोकं ठेवून भाची वैष्णवीचा नमस्कार. मामीचा गुडघा, गाईचं नवं वासरू आणि तुमचा खोकला, तिघांची खुशाली कळावी. इकडे सर्व ठीक आहे. पाच दिवस तुम्ही माझा फोन कट करताय, म्हणून शेवटी कागद-पेन घेतलं. (पत्र आणणाऱ्या परमेश्वर मिस्त्रीला बजावलंय, आधी मोटार चालू करायची, मगच पत्र द्यायचं. तेव्हा तुम्ही हे वाचताय म्हणजे बोरीच्या रानातल्या भुईमुगाला पाणी लागलं असं मी धरते.)

मामा, गुन्हा माझाच आहे. आमच्या सोलर पंपाच्या कंपनीत शेतकऱ्याची तक्रार व्हॉट्सअ‍ॅपवर आली की सॉफ्टवेअर तिला नंबर देतं, त्याला तिकीट म्हणतात. मोटार दुरुस्त झाली की लोक नुसतं "ठीक हाय" कळवतात, आणि ते तिकीट बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. साहेब वैतागले, तेव्हा मी हुशारी केली. नियम बसवला, की निरोपात "ठीक" दिसलं रे दिसलं की सॉफ्टवेअरनं आपलं आपण तिकीट बंद करायचं आणि वर आभार मानायचे. आठवड्यात तक्रारींचा ढीग ओसरला. साहेबांनी पेढे वाटले. (मी दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू.)

आता तुमचा निरोप बघा. "राम राम. आमी सगळे ठीक हाव. तुमी बी तब्येत ठीक ठिवा. मोटार चार दिसापासून बंद हाय." सॉफ्टवेअर पहिल्या "ठीक"वरच तृप्त झालं आणि तुम्हाला उत्तर गेलं, आपली तक्रार दूर झाल्याचा आम्हाला आनंद आहे. त्यात तुमचा स्वभाव असा, की राग चढेल तसे तुम्ही जास्त अदबीनं बोलायला लागता. दुसऱ्या निरोपात साहेबांची लेकरं ठीक आहेत का, तिसऱ्यात सगळा स्टाफ ठीक आहे का, आणि सातव्यात तर "आपली मेहरबानी कायम राहो, इकडं माणसं ठीक हायत, भुईमूग तेवढा वाळायलाय." सातही वेळा आम्हाला आनंद झाला. ताडकळसच्या येडबा नावाच्या शेतकऱ्यानं मात्र राम राम न घालता थेट आमच्या खानदानापासून सुरुवात केली, त्याची मोटार त्याच दिवशी दुरुस्त झाली. शिव्या देणाऱ्यांची रानं हिरवी आणि सभ्य माणसांची कोरडी, असा कारभार माझ्या हातून झाला. तुमचा सातवा निरोप वाचून मला रडू आलं मामा, खरंच.

नियम मी बदललाय. आता "ठीक" आलं की तिकीट बंद होत नाही, माझ्याकडं नुसती घंटी वाजते. मग मी फोन करून विचारते, ठीक कोण आहे, माणसं की मोटार?

मामीला नमस्कार सांगा आणि जमलं तर राग गिळा.

तुमची,
वैष्णवी

ता. क. मोटार चालू झालीय, तर आता आमच्या साहेबांना स्वतः फोन करा. ख्यालीखुशाली विचारत बसू नका. आधी मला चार शिव्या द्या, मग "मोटार चालू हाय, पोरीला कामावर ठिवा" एवढंच म्हणा.

आणखी एक. वर "इकडे सर्व ठीक" लिहिलंय ते सवयीनं. माझ्या नियमाचा घोळ साहेबांना कळलाय, तुमचा फोन सोमवारच्या आत आला नाही तर माझी नोकरी गेली. आईला यातलं काही बोलू नका. तिला मी रोज सगळं ठीक आहे म्हणून सांगते, आणि तेवढं ऐकलं की तीही समाधानानं फोन ठेवते.