बाळकृष्णामागचं गाढव

धारूर, श्रावण वद्य अष्टमी, संध्याकाळ

आज डोकं फिरलंय आणि बोलायची सोय नाही. लहानपणापासून जमवलेली, माहेराहून पेटीत आणलेली माझी चित्रकथांची पुस्तकं. त्यातल्या एकातला बाळकृष्ण सासूबाईंनी कात्रीने कापला आणि खळ लावून अष्टमीच्या पाळण्यात चिकटवला.

"आत्या, कावून कापलंत?" मी सासूबाईंना विचारलं.

"तूच म्हणतीस ना, काटकसर करा? तसबीर लई महाग हाय. अन् तुझ्या पेटीत देव नुसता पडून होता."

नुसता पडून! त्याच पानाच्या मागे धोब्याच्या गाढवाची गोष्ट होती. पुरातून ते वर कसं येतं, ती शेवटची चौकट खळीत गेली. आता काय, घरातल्या घरात पेटीला कुलूप लावू?

सोलून काढावं, तर वर हळदकुंकू वाहिलेलं. आता ते चित्र राहिलं नाही, देव झाला. देवाला नख कसं लावू?

दिवा लावून वाकले, तेव्हा दिसलं. कागदाची कड सुटलीय, गाढवाचा एक कान बाहेर आलाय. तशीच वाकून राहिले.

सासूबाई शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "बघा, आमच्या सुनेची भक्ती!"

देवा, माफ कर. नमस्कार कानाला झाला.