चौथ्या मजल्यावरचा उखाणा

मंगळवार, संध्याकाळ

हसू आवरत नाही, म्हणून लिहून टाकतो. आमच्या फायर स्टेशनात कवायतीची एक जुनी खोड आहे. खांद्यावर पाण्याचा होज पाइप घेऊन चौथ्या मजल्यावर पोचायचं आणि वरून एका दमात आपलं पूर्ण नाव ओरडायचं. मागच्या वर्षी मी वडिलांच्या नावापाशीच अडकलो, आडनाव धापेत गेलं. वय बावन्न, दुसरं काय होणार? पण बायकोनं सकाळचा वडापाव बंद केला, डब्यात नाचणीची भाकरी आणि निर्मळ गावची केळी दिली, रोज पहाटे चालायला पिटाळलं.

आज वर पोचलो, आडनावासकट नाव घेतलं, तरी दम उरला. उरलेल्या दमाचं करायचं काय? तोंडातून उखाणाच निघाला:

"खांद्यावर होज, चढलो मजले चार,
सुनंदाचं नाव घेतो, उतरला पोटाचा भार."

खाली सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. घरी सांगितलं तर ती म्हणाली, "लग्नात नाव घ्या म्हटलं तर घाम फुटला होता तुम्हाला. आता ऐकवा. पण बसून नाही, चढून या."

खाली गेलो, तीन मजले चढलो, दारात उभं राहून मोठ्यानं नाव घेतलं. शेजारची दोन दारं उघडली. तिनं मात्र लाजून आपलं लावून घेतलं.