कुणाचाच नसलेला आवाज

येकातेरिनबुर्ग,
ता. १४ सप्टेंबर २००३

ती. तोकोन बाइके यांस,

धाकट्या भावाचा, एर्मेकचा, इतक्या लांबून वाकून सलाम. वि. वि. मी बरा आहे. तुम्ही, आमच्या जेंगे वहिनी, घोडा, कुत्रा आणि उरलेल्या मेंढ्या बऱ्या असाव्यात.

‘उरलेल्या’ मुद्दाम लिहिलं. बसवाल्या सापारकडून सगळं कळलं. लांडगे वाड्यात शिरतात आणि गाभण मेंढ्याच निवडून नेतात म्हणे. मी इथे दहाव्या मजल्यावर लोकांच्या भिंतींना गिलावा करतोय आणि तिकडे आपलं घर रिकामं होतंय. हात नुसते शिवशिवतात.

म्हणून सापारबरोबर एक यंत्र पाठवतोय. टेपसारखंच आहे, वर कर्णा. कॅसेटच्या एका बाजूला जखमी सशाचं किंचाळणं, दुसऱ्या बाजूला लांडग्याची हाळी. लांडग्याला भुलवायला तुम्ही कंदिलाच्या काचेत तोंड घालून हिवाळाभर घसा फोडता, त्यापेक्षा बटण दाबा आणि लांब बसून चहा प्या. समोरचा दात पडल्यापासून तुमची हाळी शेवटी फाटते. लांडगीण ऐकून हसत असेल.

दुकानदार म्हातारा भारी कटकट्या. म्हणाला, तुमच्या भागात हे चालतं का ते आधी विचार, परवाना काढ, आणि बसताना पाठीला खडक घे, कारण हाकेला लांडगाच येईल असं कुणी लिहून दिलेलं नाही. मी म्हटलं, आजोबा, आमच्या डोंगरात परवाना तपासायला लांडगेच येतात. सगळं दुकान हसलं, तो सोडून.

जेंगेंना सांगा, दिरासाठी वाळवलेल्या दह्याचे गोळे, कुरुत, पाठवा, इथलं दही पाण्यासारखं आहे. आठवण ठेवा, एवढीच मागणी.

तुमचा,
एर्मेक

•

सारी-बुलाक,
ता. ९ ऑक्टोबर

चि. एर्मेक यास,

तोकोनचे आशीर्वाद. यंत्र पोचलं. सापारने रस्ताभर बसमध्ये ससा ओरडवला, एक म्हातारी उतरूनच गेली म्हणे.

पण मी ते वापरलेलं नाही, वापरणारही नाही. तुला ठाऊक आहे, हाळी घालायला बसण्याआधी मी घरोघर जाऊन सांगतो, अमुक धारेवर बसतोय, कुत्री बांधा, तिकडे फिरकू नका. वडीलही असंच करायचे. आणि दाताला तू हसतोस, पण ती फाटकी हाळी ऐकली की शेंबडं पोरसुद्धा सांगतं, तोकोन बसलाय. तुझ्या यंत्राचा आवाज कुणाचाच नाही. ऐकणाऱ्याने काय समजायचं?

शिवाय वनरक्षक झुमालीला विचारलं. यंत्र लावायचं तर कागद लागतो, तो शहरातून येतो, आणि तिथले म्हणतात हिवाळ्यानंतर या. झुमालीने वर बजावलं की कागदाशिवाय आवाज कानावर आला तर यंत्र आणि बंदूक दोन्ही जप्त. बंदूक गेली तर मग लांडग्यांना जेवायलाच बोलवावं लागेल.

काल आणखी दोन गेल्या. शेजारच्या कालिकच्याही गेल्या. वसंतात कुरणावरून भांडण झालं तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, पण त्याचं तोंड पाहून मलाच वाईट वाटलं.

उंचावर काम करतोस, दोरी बांधत जा. तुझ्या जेंगेने कुरुत दिले आहेत, वाटेत सापारने खाल्ले नाहीत तर मिळतील.

तोकोन

•

येकातेरिनबुर्ग,
ता. २८ ऑक्टोबर

ती. बाइके यांस, सलाम. वि. वि.

कुरुत निम्मे मिळाले. सापार म्हणतो, बाकीचे सीमेवरच्या शिपायाने खाल्ले. शिपायाच्या मिशा सापारसारख्याच असणार.

बाइके, रागावू नका, पण तुमचं पत्र वाचून मला वाटलं माझा भाऊ झुमालीच्या घरची सून झालाय. डोक्याला रुमाल बांधायचा तेवढा राहिलाय. कागद येईपर्यंत मेंढी शिल्लक राहील का? मेंढ्यांशिवाय जेंगेंना काय खायला घालणार, कंदिलाची काच?

सोपं आहे. घरोघर सांगितलंत तर झुमालीला कळणार. सांगूच नका. वरच्या खिंडीत या दिवसांत कोण जातंय? एकदा लावा, लांडगीण पाडा, यंत्र चुलीत घाला. कोण विचारणार?

मला नाही जमत असं हात बांधून बसायला. तुम्हाला कसं जमतं?

जेंगेंना सलाम. माया कमी करू नका.

एर्मेक

•

सारी-बुलाक,
ता. २३ नोव्हेंबर

धाकटे मिर्झा, भाऊजी यांस,

जेंगेचा आशीर्वाद. तुम्हाला लिहू नको असं यांनी बजावलं होतं. तरी लिहिते.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी यांनी ते दोनदा वाचलं. आठवड्याने आमची दूधवाली मेंढी वाड्यातच फाडलेली सापडली. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर यंत्र घेऊन हे वरच्या खिंडीत गेले. कुणालाही सांगितलं नाही. मलाही नाही, मी फक्त पाठ पाहिली.

हाळी मी अंगणातून ऐकली. अख्खी, गोल, शेवटपर्यंत न फाटलेली. मला वाटलं, आज यांच्या आधी लांडगाच पोचला. कालिकनेही ऐकली. तो बायकोला, सादातला, म्हणाला की तोकोन आज बसलेला नाही, हा खराच आहे, आणि बंदूक घेऊन पलीकडच्या बाजूने झुडपांतून सरपटत चढला. अंगावर लांडग्याच्या कातड्याचा कोट होता. यांना तिळाएवढीसुद्धा शंका आली नाही. झुडूप हललं, करडं दिसलं, यांनी गोळी घातली.

हेच त्याला पाठीवर घालून खाली घेऊन आले. वाटेतच संपला.

आता हे मिलिशियाच्या, म्हणजे पोलिसांच्या, कोठडीत आहेत. अधिकारी म्हणतो, वसंतात भांडण होतं, लांडग्याचा खोटा आवाज लावला, नेहमी घरोघर सांगणारा माणूस या वेळी मुद्दाम गप्प बसला. म्हणजे बोलावून मारला. यांनी सांगितलं की यंत्र मी बाजारातून आणलं. पण बाजारात यांना या वर्षी कुणी पाहिलेलं नाही. एक खोटं धरलं म्हणून आता खरंही कुणी ऐकत नाही. सापारला यांनी शपथ घातली आहे, तो तोंड उघडत नाही.

तुम्ही या असं मी लिहीत नाही. येऊ नका असंही लिहीत नाही. थंडी फार आहे, अंगात जाड घालत जा.

तुमची जेंगे

•

सारी-बुलाक,
ता. १८ जानेवारी २००४

ती. तोकोन बाइके यांस,

एर्मेकचा सलाम. तीनदा तुरुंगाच्या दारात आलो, तीनदा तुम्ही भेट नाकारलीत. पहारेकरी म्हणाला, तो सांगतो मला भाऊच नाही. म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाडा.

अधिकाऱ्याला मी सगळं सांगितलं. यंत्र मी पाठवलं, कुणाला सांगू नका असं मीच लिहिलं, कागद नव्हता म्हणून तुम्ही गप्प बसलात, कालिकला फसवायला नाही. मग सापारही बोलला. अधिकारी मला म्हणाला, तुझ्यावर कलम लागत नाही, तू त्या दिवशी दहाव्या मजल्यावर होतास. मी म्हटलं, शोधा ना एखादं. तो म्हणाला, चल नीघ. आता बोलावून मारल्याचा आरोप काढतील. निष्काळजीपणा आणि चोरटी शिकार राहील. तरी काही वर्षं जातीलच, असं तो म्हणाला. मला वाचवायला तुम्ही खोटं बोललात, मी ते मोडलं. रागवा. पण खुनी म्हणून तुम्हाला आत जाऊ देणार नव्हतो.

कालिकच्या घरीही गेलो. रीतीप्रमाणे वळणापासूनच मोठ्याने रडत घोडा नेला. दारात त्याचे भाऊ उभे होते. एकानेही पुढे येऊन लगाम धरला नाही. घरच्यांनी लगाम धरल्याशिवाय पाहुण्याने उतरायचं कसं? खोगिरावरच रडलो, घसा बसेपर्यंत, मग घोडा वळवला.

गावच्या मेंढ्या पाळीपाळीने चारायच्या, ते चालूच आहे. गेल्या आठवड्यात कालिकच्या घराची पाळी आली. भाऊ खालच्या गावी परत गेले होते. घरात चारायला नेणारं कुणी नाही. पहाटे मी त्यांच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार?

बऱ्याच वेळाने सादात बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं नाही. फाटकाची दोरी सोडली आणि आत निघून गेली. मेंढ्या तिच्या अंगणातून माझ्याकडे आल्या. संध्याकाळी आणून सोडल्या तेव्हा फाटक उघडंच होतं, अंगणात कुणी नव्हतं.

सापार विचारत होता, बसमध्ये जागा ठेवू का. मी नको म्हटलं. पुढची पाळी महिन्याने आहे.

जेंगेंनी लोकरीचे मोजे दिले आहेत, पहारेकऱ्याकडे ठेवले आहेत. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी तरी घाला.

तुम्ही म्हणा न म्हणा, तुमचा भाऊ,
एर्मेक